कॅरॅव्हॅनला लाइट जोडताना: पत्र्याला करंट का उतरतो, आणि पाहुण्याने गाडीला हात लावण्याआधी काय तपासायचं?



फार्म-स्टे आणि कृषी पर्यटनाच्या व्हिडिओंमध्ये आपण जागा, जेवण, दर आणि बुकिंग यावर भरपूर बोललो. आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. यात चूक झाली तर नुकसान पैशांचं होत नाही, माणसाचं होतं.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं आणि २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण. कॅरॅव्हॅन म्हणजे झोपायला बेड, छोटं किचन, कधी टॉयलेट आणि एसी असलेली गाडी. पुण्या-मुंबईहून गोव्याला किंवा तळकोकणात निघालेली अशी गाडी अनेकदा कोल्हापूरवरून पुढे जाते. पन्हाळा, राधानगरी-दाजीपूर, गगनबावडा या पट्ट्यात ज्यांची शेतं, धाबे, लॉज आहेत, त्यांच्याकडे गाडीवाला येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "दादा, रात्रीपुरती गाडी लावू का? आणि लाइट मिळेल का?"

आपण म्हणतो, "मिळेल की!" आणि पोर्चमधल्या बोर्डातून एक एक्स्टेन्शन काढून देतो. धोका नेमका इथे सुरू होतो.

घराला लाइट देणं आणि गाडीला लाइट देणं यात फरक काय?

घराच्या भिंती विटांच्या असतात. घरात एखाद्या मशीनमध्ये बिघाड झाला, तर फार तर त्या मशीनच्या बॉडीला करंट येतो. कॅरॅव्हॅनचं तसं नाही. चेसिस लोखंडी आणि बहुतेक वेळा बॉडीही पत्र्याची. शिडी, दाराचं हँडल, पायरी, सगळं धातूचं आणि एकमेकांना जोडलेलं. आत गीझरचं कॉइल फुटलं किंवा पत्र्याच्या धारेवर घासून एखाद्या वायरचं आवरण गेलं, तर सगळी गाडी एका वेळी फेज होते.

दुसरी गोष्ट, गाडी उभी असते रबरी टायरांवर. त्यामुळे गाडीत उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नसते. तो पत्र्यावर थांबून राहतो. आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या हातापायाखाली सगळीकडे तोच व्होल्टेज आहे. जमिनीवर उभं राहून जो हात लावेल, तो त्या करंटची वाट बनतो.

आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पावसाळी हवा, ओलं गवत, चिखल. पाहुण्यांचं पोरगं अनवाणी खेळतंय आणि गाडीत चढायला शिडी धरतंय. हा लेख त्या पोरासाठी आहे.

"पण एमसीबी आहे ना!"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. म्हणून थोडा हिशोब करू.

आपल्याकडे घरगुती व्होल्टेज २३० आहे. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरा. २३० ला १००० ने भागलं की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर करंट अंगातून जाईल. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हाताची पकड सुटेनाशी होते. हृदयाचे ठोके बिघडवायला ३० मिलीअँपिअरच्या वरचा करंट काही क्षण टिकला तरी धोका सुरू होतो. इथे तर २३० आहे.

आणि एमसीबी किती अँपिअरचा? १६ चा. त्याच्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे पन्नासेक वॅटचा एक बल्ब. तो कशाला पडेल? एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा.

"आमच्याकडे अर्थिंगपण आहे!"

उत्तम. पण किती चांगलं आहे?

अर्थिंगचं काम म्हणजे गाडीच्या पत्र्याला जमिनीत जायला सोपी वाट देणं. गावाकडे आपण आपला स्वतःचा खड्डा घेतो, त्यात कोळसा-मीठ घालून पट्टी किंवा पाइप पुरतो. काळ्या, ओल्या जमिनीत तो बरा चालतो. पण पन्हाळ्यासारख्या जांभ्या दगडाच्या माथ्यावर किंवा मुरमाड उतारावर, एप्रिल-मेच्या उन्हात त्याच खड्ड्याचा रोध खूप वाढतो.

समजा तो ५० ओहम झाला. गाडीत फेज पत्र्याला चिकटली. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर जमिनीत जातील. १६ चा एमसीबी याच्यावरही पडणार नाही. म्हणजे अर्थिंग आहे, वायर जोडलेली आहे, आणि तरीही पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभं आहे. अर्थिंग "आहे" एवढ्याने भागत नाही ते यामुळेच.

मग वाचवतो कोण? आरसीसीबी

आरसीसीबीचं काम समजायला सोपं आहे. फेजमधून जितका करंट गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघत असतो. दुकानात गल्ल्याचा हिशोब रोज रात्री जुळवतो तसं, फक्त हा प्रत्येक क्षणाला जुळवतो. गेले १०, परत आले १०, हिशोब बरोबर. थोडा करंट दुसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, तर हिशोब जुळत नाही आणि तो लगेच लाइट तोडतो.

माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. बाजारात १०० आणि ३०० मिलीअँपिअरचेही मिळतात. ते मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. घेताना आकडा वाचून घ्या.

वरच्या उदाहरणात ५० ओहमचं कमजोर अर्थिंग असलं तरी ४.६ अँपिअर म्हणजे ४६०० मिलीअँपिअर गळती झाली. आरसीसीबी डोळ्याची पापणी लवायच्या आत पडेल, आणि तेही कोणी हात लावायच्या आधी. अर्थिंग अजिबात नसेल तर तो माणसाने हात लावल्यावर पडतो. जीव बहुतेक वेळा वाचतो, पण झटका बसतोच. म्हणून जोडी हवी: अर्थिंग गळतीला वाट देतं आणि आरसीसीबी ती गळती ओळखून लाइट तोडतो.

परदेशात कॅरॅव्हॅन पार्कसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही हेच आहे. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचं संरक्षण. दहा गाड्यांना मिळून एक नाही, प्रत्येकाला वेगळं. कारण धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एका गाडीच्या बिघाडाने बाकी नऊ पाहुण्यांचा एसी रात्री दोन वाजता बंद पडता कामा नये.

"थोडी झिणझिणी येते, चालतंय की!"

नाही चालत. गाडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: अर्थिंग तुटलेलं आहे. मोबाइलचे चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट नेहमीच बॉडीकडे येत असतो. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर साठतो आणि झिणझिणी देतो. तो स्वतः लहान असतो, पण तो सांगतोय की संरक्षणाची वाट बंद आहे. आज झिणझिणी आहे, उद्या गीझरचं कॉइल फुटलं की तोच पत्रा जीव घेईल.

पाहुणा म्हणाला "जरा करंट लागतोय", तर आधी सॉकेटचं बटण बंद करा. मगच बोलत बसा.

तीन जुगाड जे कधीच करायचे नाहीत

पहिला जुगाड: न्यूट्रल आणि अर्थची पिन एकमेकांना जोडणं. सॉकेटमध्ये अर्थची वायर आलेली नसते. मग कोणीतरी सॉकेटच्या मागेच न्यूट्रलमधून छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनेला देतो. टेस्टरवर सगळं "बरोबर" दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, तर परतीचा सगळा करंट त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, आणि तोही काहीही बिघाड नसलेल्या गाडीवर. ब्रिटनमध्ये तर वीज कंपनीच्या न्यूट्रलशी जोडलेलं अर्थिंग कॅरॅव्हॅनला द्यायला नियमानेच मनाई आहे, याच कारणाने. तिथे गाड्यांसाठी जमिनीत वेगळं अर्थिंग घेतात आणि वर आरसीडी लावतात. आरसीडी म्हणजे आपल्या आरसीसीबीचाच प्रकार.

दुसरा जुगाड: अर्थची पिन कापणं. थ्री-पिन टॉप टू-पिनच्या बोर्डात बसत नाही म्हणून वरची जाड पिन कापून टाकतात. ती पिन उगाच लांब आणि जाड केलेली नाही. टॉप घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा, म्हणून ती लांब आहे.

तिसरा जुगाड: आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकणं. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. गाडीतली सगळी बटणं बंद करून एकेक चालू करा. ज्याच्यावर पडतो ते उपकरण बाजूला काढा. निरोप आणणाऱ्याला बाहेर काढून निरोप बदलत नाही.

केबलचा हिशोब

६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमधून २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट मिळतात. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमधून ३६८० वॅट. पण रात्रभर सलग चालवायचं असेल तर पूर्ण क्षमतेवर जाऊ नका, २८००-२९०० वॅटवर थांबा.

आता गाडीत काय असतं बघा. छोटा एसी साधारण १००० ते १२०० वॅट, इंडक्शन शेगडी २००० पर्यंत, केटल १५००, गीझर २००० किंवा जास्त. एसी चालू असताना इंडक्शन लावलं की ३००० च्या वर गेलोच. म्हणून पाहुण्याला आधीच सांगा: "साहेब, एसी, गीझर आणि शेगडी यातलं एका वेळी एकच मोठं उपकरण लावा."

पोर्चमधल्या ६ अँपिअरच्या बोर्डातून कॅरॅव्हॅन चालवायची नाही, हे यातून आपोआप आलंच.

केबल किती जाडीची घ्यायची? वायरमनच्या भाषेत "अडीचची", म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर, तांब्याची, तीन कोअरची, वर जाड रबरी किंवा तत्सम आवरण असलेली लवचिक केबल. लांबी २५ मीटरच्या आत. १३ अँपिअर करंटला अशा केबलमध्ये साधारण ५ व्होल्ट पडतात. हीच लांबी "एकच्या" वायरीने केली तर १३ व्होल्ट पडतात आणि वायरीमध्ये साधारण १६५ वॅटची उष्णता तयार होते. ती वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर उष्णता बाहेर जायला जागा नाही. आतल्या आत आवरण वितळतं, वायरी चिकटतात, जाळ होतो.

म्हणून नियम: केबल लहान-मोठी कशीही असो, पूर्ण उलगडून वापरा. उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका, गवतावर मोकळी नागमोडी पसरा. मध्ये जोड नको, आणि टेप लावलेला जोड तर अजिबात नको. गाड्या जातात त्या वाटेवरून न्यायची असेल तर पाइपातून न्या.

जोडण्याची पद्धत: पाच मिनिटांचं काम

हे तुमच्या माणसाकडून पाठ करून घ्या. गाडीवाले असाल तर स्वतःसाठी गाडीच्या दाराच्या आत चिकटवा.

१. गाडीतली सगळी उपकरणं आणि गाडीचा मेन स्विच बंद.

२. सॉकेटचं बटण बंद. सॉकेट बघा. काळं पडलंय का, वितळलंय का, ढिलं आहे का, पाणी गेलंय का? यातलं एक जरी असेल तर तिथे जोडायचं नाही.

३. सॉकेट टेस्टर लावा आणि बटण चालू करा. हा तीन दिव्यांचा छोटा टॉप काहीशे रुपयांत मिळतो. अर्थ नाही, न्यूट्रल नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे तो दिव्यांवरून दाखवतो. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर गाडीतलं बटण बंद केल्यावरही आत फेज राहते, म्हणून हेही महत्त्वाचं.

४. मल्टिमीटर असेल तर आणखी चांगलं. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थ साधारण तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे व्होल्ट. २०० च्या खाली किंवा २५० च्या वर दिसलं तर जोडू नका.

५. बटण पुन्हा बंद. केबल आधी गाडीला जोडा, मग सॉकेटला. उलटं केलं तर केबलचं मोकळं टोक चालू लाइटसकट हातात येऊ शकतं.

६. बटण चालू करा. आता गाडीला हात न लावता पेनसारखा नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर पत्र्याजवळ न्या. आधी एखाद्या चालू सॉकेटवर तो वाजतो का हे बघून घ्या, कारण सेल उतरलेला टेस्टर नेहमीच "सगळं ठीक" सांगतो. पत्र्याजवळ वाजला तर लगेच बंद.

७. आरसीसीबीवरचं "टेस्ट" बटण दाबा. तो पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे.

८. मग मेन चालू, आणि उपकरणं एकेक करून.

निघताना उलट क्रम. उपकरणं बंद, मेन बंद, सॉकेटचं बटण बंद, सॉकेटमधून टॉप काढा, मग गाडीचं टोक. आणि गाडी सुरू करण्याआधी एक फेरी मारा. केबल लावलेली असताना गाडी पुढे नेणं हा प्रकार जगभर घडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सॉकेट टेस्टर अर्थिंग "आहे की नाही" एवढंच सांगतो, "किती चांगलं आहे" हे सांगत नाही. वरचा न्यूट्रल-अर्थचा जुगाडही त्याला ओळखता येत नाही. ते काम वायरमनचं, अर्थ टेस्टर लावून. वर्षातून दोनदा करा, त्यातलं एकदा कडक उन्हाळ्यात. आपल्या देशात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. वायरमनला सांगताना या नावाने सांगा, त्यालाही कळतं की समोरचा माहिती घेऊन आलाय.

गाडीवाल्यांसाठी: आपलं संरक्षण आपल्या गाडीत

तुम्ही आज पन्हाळ्यावर, उद्या मालवणात, परवा एखाद्या पेट्रोल पंपामागे. प्रत्येक ठिकाणचं बोर्ड तुम्ही सुधारू शकत नाही. म्हणून गाडीत केबल शिरते तिथेच दोन पोलचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि दोन पोलचा एमसीबी हवाच. चांगल्या कंपनीचा आरसीसीबी साधारण दोन-तीन हजारांत येतो. गाडीवर पंधरा-वीस लाख घातले असतील तर इथे हात आखडू नका. गाडीच्या आतल्या सगळ्या धातूच्या भागांना चेसिसशी आणि चेसिसला अर्थच्या वायरीशी जाड वायरीने जोडलेलं आहे ना, हे बॉडी बांधणाऱ्याकडून दाखवून घ्या.

फूड व्हॅनवाल्यांनो, हे तुम्हालाही जसंच्या तसं लागू आहे. उलट जास्तच. तुमचा काउंटर स्टीलचा, समोर पाणी सांडलेलं, आणि गिऱ्हाइक दिवसभर त्यावर हात टेकून उभं. जोतिबाच्या यात्रेत किंवा गणपतीत मांडवाच्या थ्री फेज लाइटवरून जोडणी घेता, तेव्हा आणखी एक धोका असतो. त्या मांडवाचा मुख्य न्यूट्रल सुटला, तर तुमच्या २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. फ्रीज, मिक्सर, दिवे एका झटक्यात जातात. याला आरसीसीबीचा उपयोग नाही. जास्त व्होल्टेजला लाइट तोडणारं वेगळं उपकरण मिळतं, ते लावा.

जनरेटरवर चालवत असाल तर एक लक्षात ठेवा. बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल जमिनीशी जोडलेलाच नसतो. अशा वेळी आरसीसीबी अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. ही जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आणि जनरेटरचा धूर गाडीच्या खिडकीकडे जाईल असा कधीच ठेवू नका. त्या धुराने झोपेतच जीव जातो.

जागावाल्यांसाठी: एक नीट पॉइंट कसा असावा?

गाडी लावायच्या जागेपासून २०-२५ मीटरच्या आत एक खांब किंवा छोटा कट्टा. पुराचं, पावसाचं पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर झाकणाची पेटी. त्यात १६ अँपिअरचं निळं, झाकणवालं इंडस्ट्रियल सॉकेट. हे घरगुती सॉकेटपेक्षा घट्ट बसतं, पावसाला टिकतं आणि उलटं घालताच येत नाही. सोबत घरगुती पद्धतीचं एक १६ अँपिअरचं सॉकेटही ठेवा, कारण सगळ्यांकडे निळा टॉप नसतो. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच. जवळच स्वतंत्र अर्थिंग.

दोन पॉइंट केले तर पाच-सहा किलोवॅटचा वाढीव लोड धरा आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवरून पाहुण्यांना लाइट देऊ नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट फाइलला लावा. उद्या दुर्दैवाने काही घडलं तर विद्युत निरीक्षक हीच कागदं मागतात.

महिन्यातून एकदा प्रत्येक आरसीबीओचं टेस्ट बटण दाबायचं आणि तारीख वहीत लिहायची. एक मिनिटाचं काम आहे. ज्याच्याकडे ही वही आहे तो व्यावसायिक, बाकीचे नशिबावर.

आणि तरीही शॉक बसला तर?

धावत जाऊन माणसाला धरू नका. आधी लाइट तोडा: सॉकेटचं बटण, नाहीतर मेन. तेही शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या दांड्याने त्याला सोडवा. १०८ ला फोन लावा. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा. माणूस उठून बसला आणि "काय नाय झालं" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच, हृदयावरचा परिणाम उशिरा दिसू शकतो. लाइटची तार तुटून पडली असेल तर तिच्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

पाहुण्याशी बोलायचं कसं?

शेवटची गोष्ट, आपल्या प्रशिक्षणाची. पाहुणा दमून आलेला असतो, त्याला लाइट हवी असते आणि तुम्ही टेस्टर घेऊन उभे. तेव्हा एवढंच म्हणा: "ताई, पाचच मिनिटं. तुमची गाडी आणि आमचा पॉइंट दोन्ही तपासून देतो, म्हणजे रात्री निवांत झोपा." याला कोणी नाही म्हणत नाही. उलट ते पुढच्या ग्रुपला सांगतात की तिथे माणसं नीट आहेत. आणि गाडीतच आरसीसीबी नसेल, पत्र्याला टेस्टर वाजत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे लाइट नाकारा. जेवण द्या, खोली द्या, मोबाइल चार्ज करून द्या. लाइट देऊ नका. एका रात्रीचं भाडं गेलं तर चालेल.

सॉकेट टेस्टर आणि पेन टेस्टर कसा वापरायचा हे या लेखासोबतच्या व्हिडिओत प्रत्यक्ष लावून दाखवलं आहे. तुमच्या जागेवर पॉइंट करायचा विचार असेल तर अंतर, लोड आणि जमिनीचा प्रकार लिहून विचारा. आणि हा लेख तुमच्या वायरमनला नक्की पाठवा.

भेटू पुढच्या विषयासह. धंदा वाढवा, पण जपून!